छत्रीचा कावळा आणि मोबाइलवाले

जूनमधला पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर भज्यांच्या फोटोंच्या आधी छत्र्यांच्या क्लिपा येऊन पडतात. कुणाची उलटी झालेली, कुणाची हातातून सुटून रस्त्याने गडगडत निघालेली, कुणी तिच्यामागे चप्पल सावरत धावणारं. माझं घर डोंबिवलीला आणि ऑफिस नरिमन पॉइंटला. त्यामुळे छत्र्या उलटवणारा वारा माझ्या रोजच्या वाटेवर आहे, आणि ते टिपायला टपलेले मोबाइलही. इतक्या पावसाळ्यांत काही गोष्टी बघून कळल्या, काही माझ्याच छत्रीने शिकवल्या. आठवतील तशा मांडते.

1. छत्री कुठे उलटणार, ती जागा ठरलेली असते

मादाम कामा रस्त्याचं समुद्राकडचं टोक घ्या. पावसाळी वारा येतो नैऋत्येकडून, थेट समुद्रावरून, वाटेत अडवायला काही नाही. नरिमन पॉइंट म्हणजे समुद्रात भराव घालून केलेली जमीन, त्यावर उंच इमारती. भिंतीवर आपटलेला वारा काही खाली उतरतो, काही कडेने वळतो आणि कोपऱ्यावर, दोन इमारतींच्या मधल्या फटीत, त्याचा वेग वाढतो. आपण आडोशाने निवांत चालत असतो. छत्री पुढे कललेली, सगळं ठीक. कोपरा ओलांडला की तोच वारा बाजूने नाहीतर खालून येतो. छत्रीच्या पोटात हवा शिरली की कारभार आटोपला. त्या कोपऱ्यावरचा चहावाला ओळखीच्या गिऱ्हाइकांना आधीच सांगतो, "मॅडम, इधर से बंद करके जाओ." बिनओळखीच्यांना सांगत नाही. त्याचीही करमणूक व्हायला हवीच की.

ही जागा क्लिपवाल्यांनाही पाठ आहे. तेव्हा पावसात एखाद्या इमारतीच्या लॉबीत दोन-तीन पोरं मोबाइल आडवा धरून उगाच बाहेर बघत उभी दिसली, तर ती पाऊस बघत नसतात. तिथे छत्री मिटावी. हवामान खात्याच्या इशाऱ्यापेक्षा हा इशारा जास्त नेमका असतो.

2. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते

आमच्या चिरंजीवांनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला कागदावर मांडून दाखवलेला हा हिशेब आहे. उघडल्यावर साधारण एक मीटर रुंद होणारी छत्री आणि तिच्या पोटात शिरलेला ताशी 36 किलोमीटरचा वारा. ओढ बसते सहा किलोच्या आसपास. म्हणजे दळणाचा भरलेला डबा कुणीतरी आडवा ओढतंय असं समजा. वाऱ्याचा वेग ताशी 72 झाला, तर ओढ बारा किलो होत नाही, चोवीस-पंचवीस किलो होते. कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. "आई, म्हणून तुझी छत्री हळूहळू नाही उलटत, एकदम उलटते," असं म्हणून त्याने कागद मला दिला आणि पुन्हा मोबाइल हातात घेतला.

शिवाय वरून जाणारी हवा छत्रीच्या फुगीर पाठीवरून वेगाने सरकते आणि तिथला दाब कमी होतो. म्हणजे खालून ढकलणं आणि वरून खेचणं, दोन्ही एकाच वेळी. वाऱ्याचा जोर मोजणारी बोफोर्टची श्रेणी म्हणून एक कोष्टक आहे. फ्रान्सिस बोफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने ते 1805 मध्ये जहाजांसाठी तयार केलं. पुढे जमिनीवरच्या माणसांसाठी त्यात खुणा घातल्या गेल्या: धूर कुठे कलतो, पानं हलतात की फांद्या. त्यातल्या सहाव्या पायरीची खूण अशी, की मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्टी घालतात आणि छत्री वापरणं अवघड होतं. ही पायरी ताशी 39 ते 49 किलोमीटरची. आता आपल्या हवामान खात्याचं पावसाळ्यातलं नेहमीचं वाक्य आठवा: ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता. हे वाक्य बातम्यांत ऐकलं की मी छत्री घरी ठेवते आणि रेनकोट घालते. रेनकोटात मी कशी दिसते ते सोडून द्या.

3. कावळा झालेल्या छत्रीशी झटापट करू नये

उलटलेली छत्री सरळ करायला लोक काड्या हाताने ओढतात. तिथेच काडी वाकते. आधी खटका दाबून ती मिटायचा प्रयत्न करावा, पुष्कळदा कापड आपोआप जागेवर येतं. नाहीच आलं तर वाऱ्याकडे तोंड करून छत्रीचं टोक वाऱ्याच्या दिशेने धरावं. ज्याने उलटी केली तोच सुलटी करतो. मात्र सुलटी झाली की त्याच सेकंदाला मिटावी. तशीच डोक्यावर धरून पुढे निघालेल्याची दुसरी क्लिप होते आणि ती पहिलीपेक्षा जास्त चालते.

4. काड्या मोजून छत्री घ्यावी

हे मला डोंबिवली स्टेशनबाहेरच्या छत्री दुरुस्तीवाल्या काकांनी शिकवलं. जून-जुलैत ते जिन्याखाली गोणपाट टाकून बसतात. पुढ्यात पक्कड, बारीक हातोडी, तारेचं भेंडोळं, दाभण, काळ्या दोऱ्याचं रीळ आणि मेलेल्या छत्र्यांचा ढीग. त्या ढिगातूनच जिवंत छत्र्यांना काड्या मिळतात. माझी तीन घडीची छत्री त्यांनी उघडली, एका डोळ्याने दांड्याच्या रेषेत बघितलं आणि एकेका सांध्यावर अंगठा फिरवत गेले. चौथ्या सांध्याशी अंगठा थांबला. खिळा निसटला होता आणि भोक लांबट झालं होतं. त्यांनी जुन्या छत्रीतली पट्टी कापून तिथे जोड दिला, तार ओवली, दोन पीळ दिले, टोक आत वळवलं की कापडाला लागू नये, मग कापडाचं कोपऱ्यातलं टोपण काडीवर चढवून दोन टाके मारले. बोलताना वर बघितलं नाही. "ताई, घडी जितकी जास्त तितके सांधे जास्त. मोडते ती सांध्यात. पर्समध्ये मावणारी छत्री पर्समध्येच बरी."

तेव्हापासून मी लांब दांड्याची, काड्या जास्त असलेली छत्री वापरते. आठाऐवजी दहा काड्या असल्या तर प्रत्येकीवरचा भार कमी होतो, एवढं साधं आहे. छत्रीच्या पोलादी काड्या तशा जुन्याच. सॅम्युअल फॉक्स या इंग्रज कारखानदाराने 1852 मध्ये पन्हाळीसारख्या घडवलेल्या पोलादी काड्यांचा सांगाडा आणला, त्याआधी देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या वापरत. वारा निघून जावा म्हणून दुहेरी कापडाच्या, वरच्या थराखाली फट ठेवलेल्या छत्र्याही मिळतात, आणि त्या खरोखर टिकतात. नेदरलँडमधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी तर 2006 मध्ये पुढे आखूड आणि मागे लांब अशी तिरपी छत्रीच बाजारात आणली. ती ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्यातही उलटत नाही असा त्यांचा दावा. असेलही. पण त्या वाऱ्यात छत्री उभी राहिली तरी धरणारी व्यक्ती उभी राहील का, हा माझा डोंबिवलीकर प्रश्न आहे.

5. सिनेमातल्या छत्रीवर विश्वास ठेवू नये

'श्री 420' हा 1955 चा सिनेमा. त्यातली एका छत्रीखाली चाललेली राज कपूर-नर्गिसची जोडी आपल्या तीन पिढ्यांच्या डोक्यात बसली आहे. पडद्यावरचा पाऊस वरून सरळ पडतो. मुंबईचा पाऊस आडवा येतो. एका छत्रीत दोघांनी चालायचं म्हटलं तर दोघांचा मिळून एक खांदा कोरडा राहतो. लग्न झालेल्यांना तो कुणाचा हे सांगायला नको.

6. आपली क्लिप आपल्याआधी घरी पोहोचते

माझीही निघाली. सहा वाजता ऑफिसातून बाहेर पडले, एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आणि छत्री. तो वर सांगितलेला कोपरा. छत्रीचा कावळा झाला, पिशवी मनगटावरून कोपराकडे घसरली आणि मी स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली. गिरकी घ्यायची असं काही मनात नव्हतं. छत्री फिरली, मी तिच्याबरोबर फिरले. ऑफिसातल्याच एका मुलाने दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ते टिपलं, मागे पावसाचं एक गाणं जोडलं आणि ग्रुपवर टाकलं. मी लोकलमध्ये बसायच्या आत साताऱ्याहून मावशीचा फोन. "अगं, त्या व्हिडिओतली बाई डिट्टो तुझ्यासारखी आहे. पिशवीसुद्धा आपल्या दुकानाचीच दिसतेय." मी म्हटलं, "मावशी, मीच आहे ती." पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग ती जी हसायला लागली ती काकांनी फोन काढून घेईपर्यंत. काकांनी विचारलं, "लागलं नाही ना कुठे?" हा प्रश्न विचारणारे ते त्या दिवशीचे पहिले.

मला राग आला का? थोडा आला. पण ती क्लिप मी स्वतः पुन्हा पुन्हा बघितली, कारण खरंच मजेदार होती. छत्री उलटलेली माणसं काय करतात ते मी त्यानंतर नीट बघायला लागले. बहुतेक जण आधी छत्रीकडे बघत नाहीत, आजूबाजूला बघतात. कुणी बघितलं नाही अशी खात्री झाली की छत्रीला एक झटका देतात, जणू ती मुद्दाम वागली. कुणी बघितलेलं असेल तर स्वतःच हसतात, म्हणजे समोरच्याच्या हसण्यातली हवा जाते. आणि एक तिसरी जात असते, ती माझी सगळ्यात आवडती. टाय लावलेले एक गृहस्थ मी पाहिलेत, उलटी झालेली छत्री तशीच डोक्यावर सरळ धरून सिग्नल सुटेपर्यंत उभे. पाणी छत्रीत साठत होतं. चेहऱ्यावर भाव असा, की आमच्याकडे छत्र्या अशाच धरतात.

पदाचा इथे काही उपयोग नसतो. 28 जुलै 2021 ला इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये एक कार्यक्रम होता, कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या पोलिसांच्या स्मारकाचा. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन पहिल्या रांगेत छत्री उघडायची खटपट करत होते. उघडली, आणि मग तिचा कावळा झाला. शेजारी बसलेल्या प्रिन्स चार्ल्सना, म्हणजे आताच्या राजांना, हसू आवरेना. ती क्लिप जगभर फिरली. जॉन्सन स्वतःही हसले. मला वाटतं त्या क्लिपमध्ये वाईट वाटण्यासारखं काही राहिलं नाही ते त्यामुळेच.

7. "आत्ताचा नरिमन पॉइंट" म्हणून आलेली क्लिप आधी नीट बघा

दर जूनमध्ये त्याच त्या जुन्या क्लिपा नव्या तारखेने येतात. मुंबई म्हणून पाठवलेल्या क्लिपमध्ये लोक जाड ओव्हरकोटात असतात, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि दुकानाची पाटी चिनी असते. तरी खाली "काळजी घ्या" असे हात जोडलेले. मी तीन गोष्टी बघते: गाडी कुठल्या बाजूने चालली आहे, टॅक्सी काळी-पिवळी आहे का आणि पायात चपला आहेत का. भर पावसात कुणाच्याच पायात चपला नसतील तर ती मुंबई नव्हे.

8. सोडायचं कधी ते कळलं पाहिजे

2018 साली तुर्कस्तानातल्या उस्मानिये शहरातली एक क्लिप आली होती. बाजारातली भली मोठी उभी छत्री वाऱ्याने हलायला लागली, म्हणून काही माणसं दांडा धरायला धावली. एक जण वजन टाकायला थेट तिच्या बैठकीवर चढला. वाऱ्याचा झोत आला आणि छत्री त्याच्यासकट तीन-चार मीटर वर गेली. नशीब, त्याने वेळेत उडी मारली. लोकांनी त्यावर किती विनोद केले असतील! पण ती क्लिप सावकाश बघा. बाकीच्यांनी दांडा सोडून दिला, हा मात्र पाय रोवून उभा राहिला. वाऱ्यात सापडलेली वस्तू वाचवावीशी वाटणं स्वाभाविक आहे, माझाही हात छत्रीवर असाच घट्ट आवळतो. पण अंगावर येणाऱ्या छत्रीशी भांडायचं कारण नाही. दोनशे-अडीचशे रुपयांची वस्तू आहे, गेली तर गेली. फक्त मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा, काड्यांची टोकं बरोबर तेवढ्याच उंचीवर असतात.

मोकळ्या मैदानात, विजा चमकत असताना तर छत्री उघडूच नये. माणूस आधीच सगळ्यात उंच, त्यात वर लोखंडी टोक कशाला?

9. आमच्या आजोळची इरली कधी उलटली नाहीत

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी लावणीच्या दिवसांत बायका इरलं घ्यायच्या. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचं आच्छादन, डोक्यापासून पाठ झाकणारं. वाकून रोपं लावायची तर दोन्ही हात मोकळे हवेत, हे ज्यांनी इरलं घडवलं त्यांना पक्कं ठाऊक होतं. इरलं अंगाला धरून असतं, त्याच्या पोटात वारा शिरायला जागाच नाही. छत्री उभ्या माणसासाठी, संथ चालणाऱ्यासाठी आणि एक हात रिकामा असलेल्यासाठी आहे. एका हातात मोबाइल असलेल्यासाठी तर अजिबात नाही. आता इरल्यांची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. तोही पाठीला बांधलेला असतो, म्हणून चालतो.

10. दुचाकीवरची छत्री हा हसायचा विषय नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं. मागे बसलेली बाई, एका हातात पिशवी किंवा मूल, दुसऱ्या हातात उघडी छत्री, आणि बाइक वेगात. अशी क्लिप आली की ग्रुपवर लगेच हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. आता वरचा हिशेब लावा. बाइकचा वेग ताशी 36, समोरून वारा आणखी ताशी 36 ने येतोय. म्हणजे छत्रीला लागतो ताशी 72 चा वारा आणि पंचवीस किलोची ओढ, तीही मागच्या दिशेला. बाई बसलेली दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून, धरायला हात नाही. छत्री उलटली तर उलट बरं, ओढ सुटते. उलटली नाही तर बाई मागे खेचली जाते आणि मागून येणाऱ्या वाहनापुढे रस्त्यावर पडते. चालवणाऱ्याने छत्री धरली असेल तर हँडलच वळतं, शिवाय समोरचं दिसत नाही ते वेगळंच. अशा अपघातांत माणसं मेली आहेत. केरळात पाऊस आणि छत्री दोन्ही आपल्यापेक्षा जास्त. तिथल्या परिवहन खात्याने 2021 मध्ये चालत्या दुचाकीवर छत्री उघडायला बंदी घातली.

कल्याण-शिळ रस्त्याला रिक्षातून जाताना माझ्या पुढेच एकदा असं घडलं. छत्री फुगली आणि मागे बसलेली मुलगी सीटवर उठल्यासारखी झाली. तिने मूठ सोडून दिली म्हणून वाचली. छत्री आमच्या रिक्षाच्या काचेवर येऊन आदळली. रिक्षावाल्या दादांनी करकचून ब्रेक लावला, खाली उतरून छत्री मिटली, पुढे जाऊन त्या मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, ही घ्या. पण आता उघडू नका." शेजारच्या रिक्षातल्याने मोबाइल बाहेर काढला होता. छत्री मोडली नव्हती, कुणी पडलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या क्लिपला काही किंमत राहिली नाही.

पायी चाललेल्याची छत्री उलटली तर खुशाल टिपा, आधी पिशवी उचलून द्या आणि टाकण्यापूर्वी त्याला एकदा विचारा. माझी क्लिप काढणाऱ्या मुलाने दुसऱ्या दिवशी विचारलं, मी हो म्हटलं, अजून फिरतेय ती. पण दुचाकीवर उघडी छत्री दिसली तर मोबाइल खिशात ठेवा, सिग्नलला शेजारी थांबा आणि त्यांना छत्री मिटायला सांगा. आणि तुम्ही स्वतः मागे बसणाऱ्या असाल तर यंदा रेनकोट घ्या. छत्रीपेक्षा थोडे जास्त पैसे पडतील, केसही भिजतील, पण दोन्ही हात धरायला मोकळे राहतील.